अंगठी मोठी करायला २,३२० की ५,७४६? पुण्याच्या लक्ष्मी रोडचा माझा अनुभव

दीड वर्ष माझ्या दोन्ही अंगठ्या कपाटात डबीत पडून होत्या, साखरपुड्याची पण आणि लग्नातली पण. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात बोटं अशी सुजली की शेवटी दवाखान्यात सिस्टरांनी दोरा गुंडाळून काढल्या (ही युक्ती खरंच चालते, अंगठीखालून दोरा घालायचा, सांध्यापर्यंत घट्ट वेढे द्यायचे आणि मग खालचं टोक उलगडत न्यायचं, अंगठी सरकत सरकत वर येते). वाटलं होतं डिलिव्हरीनंतर सूज उतरली की परत घालू पण बोट काही पहिल्यासारखं झालं नाही. घालायला गेलं की सांध्यावर अडकायची. आणि नवऱ्याचं अगदी उलट, त्याला शुगर निघाली, वजन अकरा किलो उतरलं आणि त्याची प्लॅटिनमची अंगठी हात धुताना बेसिनमध्ये पडायला लागली. म्हणजे घरात एकूण तीन अंगठ्या, दोन मोठ्या करायच्या, एक लहान करायची, आणि तिन्ही वेगवेगळ्या धातूच्या. या तिन्हीचा खर्च किती आला, कुठे जास्त गेला, कुठे बरोबर गेला ते सगळं सविस्तर लिहितेय कारण मी शोधत होते तेव्हा मला कुणीच नीट आकडे सांगितले नाहीत, सगळे "बघावं लागेल" एवढंच म्हणायचे.

आधी वाईट अनुभव लिहिते मग चांगला.

साखरपुड्याची अंगठी १८ कॅरेट व्हाइट गोल्डची आहे, वर सात बारीक हिरे एका ओळीत. ती मी २०२५ च्या जूनच्या सुरुवातीला पुण्यातल्याच एका मोठ्या शोरूममध्ये नेली. नाव लिहीत नाही. एसी, चहा, बसायला सोफा, सगळं छान. काउंटरवरच्या मुलीने माप घेतलं, म्हणाली मॅडम १२ नंबरची आहे, तुम्हाला १५ लागेल. इथपर्यंत ठीक. मग खर्च सांगितला, सोनं कमीत कमी अर्धा ग्रॅम धरतात, त्याचे ३,७२३, ऱ्होडियमचे (वरच्या पांढऱ्या मुलाम्याचे) ७००, मजुरी ९००, टॅक्स धरून ५,४८३. मी विचारलं अर्धा ग्रॅम खरंच घालणार का, तर म्हणाली मिनिमम तेवढंच बिल होतं, सिस्टीममध्ये तसंच आहे. मी मान डोलावली. तिथे मी अंगठीचं वजन करून पावतीवर लिहून मागायला हवं होतं, ते मागितलं नाही. पावतीवर फक्त "डायमंड रिंग, १ नग, रीसाइझ" एवढंच लिहिलेलं होतं.

त्याच वेळी लग्नातल्या अंगठीचं, म्हणजे वळ्याचं पण विचारलं. ते साधं २२ कॅरेटचं वळं आहे, खडा नाही काही नाही, सासूबाईंनी जळगावहून आणलेलं. (जळगावच्या सोन्यावर आईंचा इतका विश्वास आहे की पुण्यात राहून तीस वर्षं झाली तरी सोनं घ्यायचं म्हटलं की त्या जळगावचीच गाडी पकडतात.) त्याला पण तोच हिशोब, अर्धा ग्रॅमचे ४,५५०, वर बारा टक्के घडणावळ ५४६, वर मजुरी ६५०, झाले ५,७४६ आणि टॅक्स वेगळा. आता घडणावळ हा प्रकार नवीन दागिना घडवताना असतो ना, इथे तर एवढासा तुकडा जोडायचा आहे, त्याची मजुरी तुम्ही वेगळी लावताच आहात, मग घडणावळ परत कशाची? हे मला तिथेच खटकलं म्हणून वळं मी परत पर्समध्ये टाकलं आणि फक्त हिऱ्याची अंगठी दिली.

अकरा दिवसांनी अंगठी मिळाली. दिसायला एकदम नवी, चकचकीत, बोटात बरोबर. मी खूश. बरोब्बर तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी पोळ्यांची कणीक मळत होते, मळून झाली, हात धुतले आणि बघते तर सातातला एक हिरा नाही. तिथे नुसता काळा खड्डा. माझ्या पोटात गोळाच आला. सगळी कणीक ताटात पसरून चिमूट चिमूट कुस्करून बघितली, मोठी मुलगी पण शेजारी बसून शोधत होती, वीस-पंचवीस मिनिटांनी तिलाच सापडला, तांदळाच्या कणीएवढा, पिठात लडबडलेला. नशीब पोळ्या लाटायच्या आधी लक्षात आलं.

शोरूमला फोन केला तर म्हणे रिपेअरची जबाबदारी पंधरा दिवस असते, आता खडा बसवायचा वेगळा चार्ज लागेल आणि परत आठ-दहा दिवस. पंधरा दिवसांचं त्यांनी देताना तोंडी पण सांगितलं नव्हतं. मी भांडले नाही पण परत त्या दारात जायचं नाही हे मात्र त्याच दिवशी ठरवलं.

मग माझ्या मावशीने सांगितलं की सोन्या मारुती चौकातून रविवार पेठेकडे जायला लागलीस की आतल्या गल्लीत एक जुना सोनार आहे, माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या त्याच्याकडेच जोडून घेते, तिकडे जा. दुकानाच्या पाटीवर नाव असं नाहीच, फक्त "सोन्या-चांदीचे दागिने दुरुस्त करून मिळतील" एवढंच रंगवलेलं आहे. आणि त्या सोनारकाकांनी स्वतःच सांगितलं की नाव-नंबर कुठे टाकू नकोस पोरी, गर्दी झाली की हात घाई करतो आणि घाईत काम बिघडतं. म्हणून टाकत नाही. पण गल्ली सांगितली, विचारत गेलात तर सापडेल.

दुकान केवढं, तर दोन माणसं समोर बसली की तिसऱ्याला पायरीवर उभं राहावं लागतं. काका खाली गादीवर बसतात, समोर लाकडी ठोकळा, त्यात रोवलेली तळहाताएवढी ऐरण. मी गेले तेव्हा एक आजोबा आधीपासून बसले होते, त्यांची पोवळ्याची अंगठी मोठी करायची होती. काकांनी आधी पोवळं काढून एका वाटीत ठेवलं आणि मगच अंगठीला हात लावला. मी विचारलं म्हणून सांगितलं, पोवळं आणि मोती यांना आच अजिबात चालत नाही, पाचूचा पण भरवसा नाही, तडकतो, हिरा आच सोसतो पण त्याची पकड सोसत नाही. हे शेवटचं वाक्य माझ्याच अंगठीबद्दल होतं हे मला दहा मिनिटांनी कळलं.

माझा नंबर आला. मी अंगठी आणि कागदाच्या पुडीत ठेवलेला हिरा दिला. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, अंगठी फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, ताई, अंगठी मोठी केली ना की वरचा भाग थोडा सपाट होतो. गोल लहान असतो तेव्हा वाक जास्त, मोठा केला की वाक कमी. मग खड्यांना धरून ठेवणारे जे बारीक काटे असतात ते जागचे हलतात. मोठी केल्यावर एकेक काटा परत दाबून घ्यावा लागतो, ते कुणी केलेलंच नाही इथे, अजून दोन खडे हलतायत बघ. आणि चिमट्याने हलवून दाखवले. खरंच हलत होते! म्हणजे तो एक पडला म्हणून कळलं, नाहीतर बाकीचे दोन कुठे बसमध्ये किंवा ऑफिसात पडले असते तर मला पत्ताही लागला नसता.

मग मी सहज म्हटलं, काका वजन करून बघता का. लग्नाच्या वेळचं बिल माझ्या फोनमध्ये होतं, २०१८ चं, त्यावर एकूण वजन ३.२४० ग्रॅम लिहिलेलं. काकांनी काट्यावर अंगठी आणि तो पुडीतला हिरा दोन्ही ठेवलं. ३.४१०. म्हणजे वाढलं किती, तर ०.१७० ग्रॅम. आणि बिल मी भरलं ०.५०० चं. उरलेल्या ०.३३० चे जवळजवळ अडीच हजार रुपये मी न मिळालेल्या सोन्याचे देऊन आले. हे वाचून कुणी म्हणेल कानसताना घट जाते, जाते ना, पण ती काही एवढी जात नाही, आणि किती जाते ते मी पुढे वळ्याच्या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

हिरा परत बसवायचे आणि बाकी सहाचे काटे दाबायचे काकांनी घेतले ३५०. वीस मिनिटं लागली. त्यानंतर तीन महिने झालेत, रोज कणीक मळतेय, सातही हिरे जागेवर आहेत.

आता वळ्याची गोष्ट, ही मला नीट सांगायचीय कारण असं काम मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेर पाऊस. काकांनी बोट बघितलं, मापाच्या रिंगांचा जुडगा काढला, १४ नंबर बसला, आणि म्हणाले आत्ता करत नाही, संध्याकाळी सहानंतर ये. मला वाटलं टाळतायत. पण कारण होतं, सकाळी आणि थंड हवेत बोट बारीक असतं, दिवसभर काम करून संध्याकाळी फुगतं, सकाळच्या मापाने केली तर रोज संध्याकाळी काचेल. संध्याकाळी गेले तर खरंच १५ बसला. आणि अजून एक सांगितलं, पट्टी रुंद असेल तर अर्धा नंबर सैल ठेवायची कारण रुंद पट्टी जास्त आवळते. माझं वळं बारीक आहे म्हणून १५ च ठेवलं. आपल्याकडचा नंबर म्हणजे साधारण एकेक मिलिमीटर घेर, १२ नंबर म्हणजे ५२ मिलिमीटर, १५ म्हणजे ५५. हे कळलं की किती सोनं लागणार याचा अंदाज आपला आपल्याला काढता येतो. माझं वळं ४.१२० ग्रॅमचं, घेर ५२, म्हणजे एका मिलिमीटरला ०.०८० च्या आतच, तीन नंबरला पाव ग्रॅमच्या आसपास. काकांनी तोंडी हाच हिशोब दहा सेकंदात केला. आता सांगा अर्धा ग्रॅम मिनिमम कुठून येतं?

मी विचारलं न कापता नुसती ताणून मोठी नाही का होणार, सोन्याचा खर्च वाचेल. तर म्हणाले अर्धा-एक नंबर असता तर निमुळत्या दांडीवर चढवून ठोकून दिली असती, दीडशे रुपयांत काम झालं असतं, पण तीन नंबर ताणली तर पत्रा होईल, दोन वर्षांत वाकडी होऊन परत येशील. मला हे आवडलं. स्वस्तातलं काम असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं, त्यांनीच नाही म्हटलं.

मग सगळ्यात आधी वजन. काटा माझ्याकडे वळवला, शून्य दाखवलं, वळं ठेवलं, ४.१२०, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहिलं आणि मला म्हणाले तुझ्या फोनमध्ये फोटो काढून ठेव. मग आतला शिक्का, म्हणजे सोनं किती शुद्ध ते सांगणारा हॉलमार्क, भिंगातून बघितला. आमचं लग्न २०१८ चं म्हणजे शिक्का जुन्या पद्धतीचा, बीआयएसचं (सरकारी मानक संस्थेचं) त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ (२२ कॅरेट, ९१.६ टक्के सोनं), हॉलमार्किंग सेंटरची खूण आणि दुकानाची खूण असे चार. आताच्या दागिन्यांवर तीनच असतात आणि तिसरा म्हणजे सहा अक्षरी एचयूआयडी, प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख नंबर, तो १ जुलै २०२१ पासून आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचं सोनं दुकानात विकता येत नाही. काकांनी शिक्का कुठे आहे ते बघून त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पेनाने रेघ मारली, तिथे कापणार. शिक्क्यावर करवत चालली की गेला शिक्का, मग उद्या विकायला गेलात की कस लावा, तपासा, वाद घाला. तुमच्या अंगठीवर एचयूआयडी असेल तर रीसाइझला द्यायच्या आधी त्याचा फोटो काढून बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर तपासून ठेवा आणि घेताना तोच नंबर आत शाबूत आहे का बघा, एवढं तरी नक्की करा.

कापायची करवत अशी की पातं केसाएवढं. चार-पाच वेळा खालीवर केली आणि वळं उघडलं. लग्नापासून बोटात होतं ते, साखरपुड्याच्या अंगठीपेक्षा माझा यावर जास्त जीव, आणि ते असं तोंड उघडून चिमट्यात धरलेलं बघून मला कसंतरीच झालं. काकांच्या लक्षात आलं, म्हणाले बाहेर जाऊन ये हवं तर. मी नाही गेले.

मग त्यांनी २२ कॅरेटची एक पट्टी काढली, ती पण काट्यावर ठेवली, माप घेऊन तुकडा कापला, तुकड्याचं वजन ०.२६०, ते पण लिहिलं. फटीत तुकडा बसवला, दोन्ही सांध्यांवर टाकणखाराचं पाणी ब्रशने लावलं, आणि डाखाचे तिळाच्या निम्म्याएवढे दोन कण चिमट्याने ठेवले. डाख म्हणजे जोडणारं सोनं, ते मुद्दाम जरा हलक्या कसाचं असतं कारण ते अंगठीच्या आधी वितळायला पाहिजे, नाहीतर अंगठीच वितळेल. म्हणून डाख जेवढा कमी तेवढं काम चांगलं, ढीगभर डाख लावला की वजन भरतं पण कस उतरतो. मग ज्योत लावली. आधी सगळं काळं पडलं, मग लाल, आणि एका क्षणी डाखाचा कण एकदम चमकला आणि पाण्यासारखा फटीत पळाला. ज्योत लगेच बाजूला. एक सेकंद जास्त झाला असता तर, असं मी विचारलं, तर काकांनी नुसतं हातातलं वळं दाखवलं.

पाण्यात बुडवल्यावर चर्र आवाज, मग तेजाबात, मग दांडीवर चढवून लाकडी हातोडीने गोल, आणि मग कानस. कानस मारताना मांडीखालचा पत्र्याचा ट्रे पुढे ओढला, सगळा कीस त्यात. गादीखालची धूळ सुद्धा ते फेकत नाहीत, वर्षाकाठी झारेकरी येऊन घेऊन जातो आणि त्यातून सोनं काढतो. म्हणजे बघा ज्या कामात धुळीला पण भाव आहे तिथे आपण वजन न करता अंगठी देऊन येतो!

पॉलिश झाल्यावर परत काटा माझ्याकडे. ४.३३०. आता हिशोब ऐका. आधी ४.१२०, तुकडा ०.२६० (डाखाच्या दोन कणांचं वजन काट्यावर दिसत पण नव्हतं), एकूण ४.३८०, आणि तयार वळं ४.३३०, म्हणजे कीस गेला ०.०५०. काका म्हणाले कीस माझ्या ट्रेमध्ये राहिला म्हणून तो तुझ्याकडून घेत नाही, वळ्यात जेवढं वाढलं तेवढंच घेणार, ०.२१०. २०२५ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला भाव, त्या दिवशी २२ कॅरेट ग्रॅमला ९,१५० होता, त्याचे झाले १,९२१ आणि मजुरी ४००. वरचा रुपया सोडला, २,३२०. चाळीस मिनिटांत वळं बोटात. हेच काम तिकडे ५,७४६ अधिक टॅक्स आणि आठवडाभर.

आता यात मजुरी फक्त ४०० आहे हे लक्षात घ्या. बाकी सगळं सोन्याचं. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा आकडा पार केला तेव्हापासून रीसाइझचा खर्च म्हणजे मुख्यतः धातूचाच खर्च झालाय आणि म्हणूनच "मजुरी किती" हे विचारून काही कळत नाही, "सोनं किती घालणार आणि मला ते काट्यावर दाखवणार का" हे विचारा. माझ्या लग्नाच्या वेळी हाच तुकडा सहा-साडेसहाशे रुपयांत आला असता, तेव्हा कुणी अर्धा ग्रॅम धरला तरी फार कळायचं नाही. आता कळतं.

प्लॅटिनमचं थोडक्यात सांगते. काकांनी हातात घेतलं, आतला पीटी ९५० चा शिक्का (म्हणजे ९५ टक्के प्लॅटिनम) बघितला आणि सरळ परत दिलं. म्हणाले सोनं हजार-अकराशे डिग्रीला वितळतं, हे सतराशेच्या वर, माझ्या ज्योतीचं काम नाही, सोन्याचा डाख लावून जोडून देणारे आहेत पण तिथे पिवळी रेघ दिसते आणि सांधा कच्चा राहतो. त्यांनीच जवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर लेझर मशीनवाला कारागीर आहे तिकडे पाठवलं. त्याने २२ ची १९ करायचे १,५०० घेतले, दोन दिवस लागले. लहान करताना आपल्याला सोनं किंवा प्लॅटिनम विकत घ्यायचं नसतं, उलट कापलेला तुकडा आपला असतो, तो मागून घ्या. त्याने स्वतःहूनच प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात घालून दिला, ०.३४० ग्रॅम. शोरूममध्ये विचारलं होतं तर म्हणे प्लॅटिनम कंपनीकडे पाठवतो, महिना लागेल, आणि तुकड्याचं विचारल्यावर मुलगी गोंधळून आत विचारायला गेली ती परत आलीच नाही.

व्हाइट गोल्डवाल्यांना एक सांगायचं राहिलं. त्याचा पांढरा चकाकता रंग हा वरचा ऱ्होडियमचा मुलामा असतो, ज्योत लावली की तो जातो, म्हणून रीसाइझ केलं की ऱ्होडियम परत करावंच लागतं, तो खर्च खोटा नाही. ७०० मला तरी रास्त वाटले. आणि ज्यांच्या अंगठीला गोल फिरून सगळीकडे खडे आहेत त्यांनी आशाच सोडा, ती कापायला जागाच नसते, काका पण घेत नाहीत.

तक्रारी म्हणाल तर आहेत. छापील बिल नाही, कॅलेंडरच्या कागदावरचा हिशोब आणि त्यावर सही, बस्स. ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांची अडचण होईल. एकटेच काम करतात म्हणून थांबावं लागतं, मी दोन वेळा तासभर पायरीवर उभी होते. ऑनलाइन पेमेंट चालतं पण सोन्याचे पैसे आधी रोख द्याल का असं हळूच विचारतात, मी ऑनलाइनच दिले, काही बोलले नाहीत. आणि फोनवर भाव सांगत नाहीत, म्हणतात अंगठी बघितल्याशिवाय सांगितलेला आकडा खोटाच असतो.

जाताना गाडी घेऊन जाऊ नका, लक्ष्मी रोडला पार्किंगचं काय आहे ते सगळ्यांना माहितीये, मी मंडईत लावून चालत गेले. दुपारी दीड ते साडेचार दुकान बंद असतं. आणि एकदा घटस्थापना झाली की दिवाळीच्या पाडव्यापर्यंत ते दुरुस्तीचं काम हातात घेत नाहीत, नवीन घडवायच्या ऑर्डरी असतात, तेव्हा सणाला अंगठी घालायची असेल तर पितृपक्षातच देऊन या. आईंनी ऐकून त्यांची एक सैल झालेली अंगठी काढलीये, वीस वर्षं खालून दोरा गुंडाळून घालत होत्या, दोरा काळा झाला की नवीन गुंडाळायचा. दोरा सोडवून पुसून ठेवलीये, शनिवारी संध्याकाळी सहानंतर त्यांना घेऊन जाणार आहे.